चौकोनी सूर

एप्रिल लागला आणि आमच्या गल्लीतून पोरं छातीशी पॅड धरून कॉलेजकडे जायला लागली, की माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप जवळ येतात. त्यांच्या चिमटीत काहीतरी गोल, गार, कडेला खाचा असलेलं आहे आणि ते अगदी केसभर फिरवायचं आहे, असं वाटतं. पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली, तरी बोटांना ते विसरता येत नाही. परीक्षेचा हंगाम म्हटलं की लोकांना जागरणं आठवतात, पोटातला गोळा आठवतो, पेपर सोपा जावा म्हणून गणपतीला बोललेले नवस आठवतात. मला आठवतो एक सूर. पोकळ, गोड आणि थोडासा लाकडाचा वास असलेला. सुराला वास असतो का, असं कुणी विचारलं तर मी त्याला त्या वर्षीच्या दुपारी माझ्याशेजारी बसवलं असतं.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. सांगलीत हळदीचे सौदे चालू होते आणि पेठेवरून वारं आलं की दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांनासुद्धा हळदीचा दरवळ लागायचा. बाबा कुपवाडला पंप बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात फोरमन होते. संध्याकाळी फटफटीवरून उतरले की त्यांच्याबरोबर ऑईलचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास घरात यायचा. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय फिजिक्स. वर्गात आम्ही दोनच मुली. फावल्या वेळात गल्लीतल्या बायकांच्या भजनात पेटी वाजवायची, एवढाच माझा गाण्याशी संबंध.

आणि त्या पेटीमुळेच दादानं घोळ केला. दादा माझा थोरला भाऊ, बोटीवर वायरलेस सांभाळायचा. फेब्रुवारीत चार दिवसांसाठी घरी आला तेव्हा त्यानं रजईत गुंडाळलेलं एक खोकं पलंगावर ठेवलं आणि म्हणाला, "शैले, तुझ्यासाठी. विजेवरची पेटी."

आत पेटीसारख्या बत्तीस पट्ट्या होत्या. पण भाता नव्हता. पट्ट्यांच्या वर काळ्या पत्र्यावर वीस-बावीस गोल बटणं होती आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं. सोबतची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जपानी.

"कसं वाजवायचं?" मी विचारलं.

"दुकानात एकानं वाजवून दाखवलेलं. भारी वाजत होतं," दादा म्हणाला. "ह्याला सिंथेसायझर म्हणतात. बाकी तू फिजिक्सवाली ना? बघ तूच." आणि पाचव्या दिवशी तो मुंबईला बोटीवर निघून गेला.

बाबांनी आधी मागची पट्टी वाचली. "शंभर व्होल्टवर चालतं हे. आपल्या भिंतीत दोनशे तीस. तसंच लावलं असतंस तर धूर निघाला असता." दोन दिवसांनी ते कुपवाडच्या एका वाइंडरकडून विटेएवढा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेऊन आले. तो स्वतःच भुंग्यासारखा गुणगुणायचा. आवाज ऐकायला आमच्या जुन्या रेडिओच्या मागे ग्रामोफोन लावायची दोन भोकं होती, त्यात वायर खुपसली. लाल दिवा लागला. मी पट्टी दाबली.

काही नाही.

तीन दिवस काही नाही. मी सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, सगळी बटणं एकेक करून फिरवली, रेडिओ आपटला. आई म्हणाली, "बिघडलेलंच दिलं असेल त्या जपान्यानं. तू अभ्यासाला बस." चौथ्या दुपारी मी वैतागून दोन बटणं एकाच वेळी फिरवली, एक डाव्या हातानं, एक उजव्या. आणि रेडिओतून असा आवाज निघाला की आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली.

"कारखान्याचा भोंगा ह्या वेळी कसा झाला गं?"

मी हसत सुटले. मशीन बिघडलेलं नव्हतंच. ते पहिल्या दिवसापासून वाजत होतं. फक्त आवाज गाळून बाहेर सोडणारी जाळी, म्हणजे फिल्टरचं बटण, पूर्ण बंद होतं आणि शिवाय आवाज लहानमोठा करायचं बटण शून्यावर होतं. एक उघडलं तर दुसरं बंद, दुसरं उघडलं तर पहिलं बंद. दोन्ही एकदम उघडायला हवीत हे मला कुणी सांगायला नव्हतं. त्या दुपारी मला जो आनंद झाला, तो पुढे डिग्रीचा कागद हातात आल्यावरही झाला नाही.

मग मला वेडच लागलं. ती जाळी हळूहळू बंद केली की कर्कश सूर मऊ व्हायचा, जशी एखादी बाई बोलता बोलता तोंडावर पदर धरते. दुसऱ्या एका बटणाला चार खुणा होत्या: त्रिकोण, करवतीचे दात, चौकोन आणि नुसती खरखर. करवतीचे दात लावले की भोंगा. खरखर लावली, जाळी अर्धी मिटली आणि बटण पुढेमागे केलं की पावसाळ्यात कृष्णेला आलेलं पाणी. मी घाटावर न जाता घरात पूर आणला, म्हणून बाबांना दाखवायला त्यांची वाट पाहत बसले. ते येईपर्यंत माझ्या हातून एक बटण हललं आणि पूर गेला. पुन्हा आणता येईना. सगळी बटणं होती तशी ठेवल्यासारखी वाटत होती, पण पाणी काही येईना. ह्या मशीनला आठवण नव्हती. जे वाजलं ते त्या क्षणापुरतं. मी खरोखर रडले.

बाबांनी फटफटीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "लेथवर जॉब लावताना आम्ही सेटिंग लिहून ठेवतो. तूही लिही की."

मग फिजिक्सच्या जर्नलच्या मागच्या पानांवर, शर्टाचं बटण ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवून, मी रोज बावीस वर्तुळं काढू लागले. प्रत्येक वर्तुळात एक काटा. ह्याचे साडेदहा वाजलेत, त्याचे दोन, ह्याचे सातला पाच कमी. पुढच्या पानांवर न्यूटनची कडी, मागच्या पानांवर घड्याळंच घड्याळं.

ह्या सगळ्यात हवालदारमामा आले ते भांडायला.

ते पलीकडच्या गल्लीत राहायचे. मूळचे कराडजवळच्या खेड्यातले, थोडा ऊस, थोडी जिरायत अशा घरातले. पलटणीच्या बँडमध्ये वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून हवालदार म्हणून परतले आणि सांगलीत लग्नाच्या बँडचे मास्तर झाले. त्यांची क्लॅरिनेट ऐकायला वरातीमागे माणसं उगाच चालत जायची, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. पण आदल्या पावसाळ्यात मिरजेला त्यांच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, ह्यापुढे फुंकायचं नाही, फुगासुद्धा नाही. हौसामामींनी, त्यांच्या बायकोनं, क्लॅरिनेट ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. तेव्हापासून मामा गल्लीतून मान खाली घालून चालायचे.

त्या दुपारी दारात उभे राहून ते ओरडले, "कोण हाय गं आत? म्हशीच्या शिंगात कोण फुंकतंय? माणसानं निजावं का न्हाई?"

मी घाबरून बटण बंद केलं. ते आत आले, मशीन पाहिलं, वाकून वायर कुठे जाते ते पाहिलं. "फुंकायचं न्हाई ह्यात?"

"नाही मामा. विजेवर आहे."

"परत वाजीव."

मी पट्टी दाबली, सोडली. त्यांनी मान हलवली. "बाय, ह्यो सूर एकदम उगवतोय आन् एकदम मरतोय. माणूस असं वाजवत न्हाई. आदी जीभ लागती, मग हवा जाती, मग सूर येतोय. आन् जाताना हळू जातोय."

मी बटणांखालची नावं वाचू लागले. एक होतं अटॅक. एक होतं रिलीज.

"अटॅक?" मामा खुर्चीवर टेकले. "आगं हे तर पलटणीतलंच हाय की! कुटं हाय त्ये? फिरीव जरा."

मी अटॅकचं बटण नऊवरून दहावर नेलं. सूर आता झटका न देता आला. मामा म्हणाले, "आजून लई न्हाई, जरासंच." मी रिलीज वाढवलं. सूर पट्टी सोडल्यावरही क्षणभर खोलीत राहिला. मामांनी छातीवर हात ठेवला, जिथे टाके होते तिथे.

त्या दिवसापासून ते रोज दुपारी येऊ लागले. मामींना सांगायचे, शैलाच्या बापाचा पेपर वाचायला जातो. मला बजावलं होतं, "मामीला बोलू नगंस. बँडचा आवाज आला तरी ती माझ्या तोंडाकडं बगती. तिचा जीव थोडा व्हतो."

मी चौकोनाची खूण लावली तो दिवस मला तारखेशिवाय, पण उन्हाच्या तिरिपीसकट आठवतो. खिडकीच्या गजांची सावली पट्ट्यांवर पडली होती. मी मधला सा दाबला. मामा ताडकन उठले.

"हेच! हे लाकूड हाय! हे कुटनं काढलंस?"

"चौकोन लावलाय, मामा."

"चौकोन न्हाई गं, हे क्लॅरनेट हाय! पोकळ हाय बग, आतनं पोकळ!"

आणि तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण आतनं पोकळ म्हणजे काय, ते मी महिनाभर पाठ करत होते. एका टोकाला बंद असलेल्या नळीतून फक्त विषम पटींचे स्वर निघतात: एक, तीन, पाच, सात. मधले गाळलेले. चौकोनी लाटेतही नेमकं तेच. हे वाक्य मी दहा वेळा लिहिलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं. मामांनी ते वाक्य कधी वाचलं नव्हतं आणि वीस वर्षं वाजवलं होतं. मी जर्नल उघडून त्यांना नळीची आकृती दाखवू लागले. ते म्हणाले, "मला आकृती नगं. तू पुन्यांदा वाजीव."

पुढे मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. ध्वनीचा धडा आला की वर्गात शहाळ्याच्या नळ्या न्यायचे, एक टोक बोटानं बंद करून मुलींना फुंकायला लावायचे. बंद नळीचा पोकळ सूर निघाला की मुली खिदळायच्या. मी त्यांच्याबरोबर हसायचे, पण माझ्या कानात दुसराच कुणी फुंकत असायचा.

कारण चौकोनानंही सगळं झालं नव्हतं. सूर क्लॅरिनेटचा होता, पण तो भिंतीवरच्या फोटोसारखा होता. हलत नव्हता. आठवडाभर आम्ही झटत होतो. एका दुपारी मी सूर धरून ठेवला होता आणि मामांनी न राहवून हात पुढे केला. जाळीचं बटण दोन बोटांत धरलं आणि हळू उघडलं, थोडं मिटलं, पुन्हा उघडलं. सूर फुगला. ओसरला. श्वास घेऊन पुन्हा भरला.

आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. बघितलं असतं तर मोडलं असतं.

"पोरी," मामा म्हणाले, "ही फुंक हाय."

मग वाटणी ठरली. पट्ट्या माझ्या, बटण त्यांचं. मी भूप वाजवायचे, ते श्वास घालायचे. कुठे श्वास तोडायचा, कुठे ओढून न्यायचा, कुठे शेवटचा सूर विझता विझता परत पेटवायचा, हे सगळं त्या दोन बोटांत होतं. चुकले की म्हणायचे, "माझी हवा संपली, तू का पुढं पळतीयास?" हवा संपायचा काही प्रश्नच नव्हता, पण मला ते पटायचं. आई, जी महिनाभर माझ्या परीक्षेच्या नावानं ठणाणा करत होती, ती आता चहाचे दोन कप आणून दारातच उभी राहायची आणि कप गार होईपर्यंत जायची नाही.

आणि मामांनी मनातलं शेवटी काढलंच. त्यांच्या लेकीचं, मंगलचं लग्न कुंडलला ठरलं होतं. मंगल पाळण्यात असल्यापासून त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हिच्या अक्षता पडल्या की पहिला सूर बापाचा. "फुंकून जमणार न्हाई. पर तू आलीस तर..." आणि त्यांना माझी परीक्षा आठवली. "तुझा पेपर कवा हाय?"

फिजिक्सचा शेवटचा पेपर सोमवारी सकाळी होता. लग्न रविवारी दुपारी.

आई म्हणाली, अजिबात नाही. मी जेवले नाही. बाबांनी आमटीचा भुरका घेतला आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. मीही जातो. खोकं कुणीतरी धरायला हवं." पुढे माझा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला, हे खरं. त्याचं वाईट वाटायला मी बरीच वर्षं वेळ शोधत होते, मिळाला नाही.

वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये मशीन रजईत गुंडाळून मी मांडीवर घेतलं होतं, लहान मुलासारखं. खड्डा आला की बाबा आणि मी दोघं त्यावर वाकायचो. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाची काळी रानं, मधेच खोडव्याचे हिरवे कोंब. मामी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. त्यांना सांगितलं होतं, शैला मंगलाष्टकांना पेटी वाजवणार आहे.

मांडवात ऊन ताडपत्रीच्या भोकांतून खाली गळत होतं. कर्णेवाल्यानं आमचा ट्रान्सफॉर्मर त्याच्या लाईटवर लावला, वायर त्याच्या मशीनला जोडून दिली आणि विचारलं, "ताई, ह्यात गाणी भरलेली हायत का?" मामांचा जुना बँड एका बाजूला बसला होता. मी हळूच सूर लावून पाहिला. सूर उतरला होता. घरी बरोबर लागलेलं मशीन इथल्या उन्हानं तापलं होतं आणि क्षणाक्षणाला खाली घसरत होतं. बँडमधला ट्रम्पेटवाला कुजबुजला, "मास्तर, ह्यो खोका बसतोय खाली."

"बसू दे. मी उठीवतो त्याला," मामा म्हणाले. त्यांनी डावा हात सूर लावायच्या बटणावर ठेवला, उजवा जाळीच्या बटणावर. बाबांनी कुणाची तरी काळी छत्री उघडली आणि मांडवाच्या आत, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, मशीनवर सावली धरून उभे राहिले. नवऱ्याकडची माणसं हसू लागली. बाबा हलले नाहीत.

आमच्याकडे अक्षता पडताना मुलीच्या आईनं बघायचं नसतं. हौसामामी मांडवामागच्या घराच्या परसात तुळशीला पाणी घालत बसल्या होत्या. शेवटचं मंगलाष्टक झालं. अक्षता उडाल्या. मी सा दाबला.

कर्ण्यातून जे निघालं ते मी तोवर कधी वाजवलेलं नव्हतं. घरच्या रेडिओत ते खोलीएवढं होतं. इथे ते अख्ख्या गावावर पसरलं. मामांचे डोळे मिटलेले, ओठ घट्ट मिटलेले, गळ्याच्या शिरा मात्र फुगलेल्या. ऊन सूर खाली ओढत होतं आणि त्यांचा डावा हात त्याला तोळातोळानं वर घेत होता. मी पट्ट्यांकडे बघायचं सोडून त्यांच्या बोटांकडे बघत होते, तिथूनच मला पुढचा सूर कळत होता. बँडवाल्यांनी हातातली वाद्यं खाली ठेवली. मंगलनं हातातला हार तसाच धरून मान वळवली आणि तिच्या मुंडावळ्या हलल्या.

तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूनं कालवा झाला. हौसामामी बायकांना दोन्ही हातांनी बाजूला सारत धावत येत होत्या, हातात तांब्या, पाणी लुगड्यावर सांडत.

"आवं! आवं, फुकू नगा! डागदरनं काय सांगितलंय! पोरीच्या लग्नात मरायचं हाय का तुमास्नी? कुणी दिली त्यास्नी किल्ली? आवं..."

आणि त्या थांबल्या. मामांच्या हातात क्लॅरिनेट नव्हती. तोंड मिटलेलं होतं. सूर मात्र चालूच होता, मामा श्वास घ्यायचे नेमका तिथेच श्वास घेत. मामींनी कर्ण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, छत्री धरलेल्या बाबांकडे पाहिलं.

"मग फुकतंय कोण?"

मामांनी डोळे उघडले, पण हात काढला नाही. "मीच," ते म्हणाले. "पर छातीनं न्हाई."

मामी जवळ आल्या. त्या दोन बोटांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. बोटांनी बटण उघडलं की सूर भरायचा, मिटलं की ओसरायचा. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्या कानाशी वाकून अगदी हळू विचारलं, "पोरी, ह्यात आजून किती हवा शिल्लक हाय?"

मी म्हणाले, "लाईट असेपर्यंत, मामी."

त्यांनी पदर सावरला आणि आमच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. "मग थांबवू नगंस त्यास्नी," त्या म्हणाल्या. "वाजवू दे."